अंगणात फुटलेली बॅटरी



गेली तीस वर्षे गावोगाव फिरून मी सांगत आलो, "बाबांनो, माती तपासून घ्या." पण माझ्याच अंगणातली माती बिघडत असताना मी पाहत उभा होतो. ही कबुली आज तुमच्यापुढे देतो.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी भंगारवाल्याने आमच्या अंगणातच फोडली. शिसे पोत्यात भरले, आम्ल जांभळीखाली ओतले. दोन पैसे जास्त मिळाले, म्हणून मीही गप्प बसलो. त्याच जांभळीखाली धाकट्या भावाची चार वर्षांची मुलगी रोज भातुकली मांडायची. पुढे तिचे पोट दुखू लागले, अन्नावरची वासना उडाली, अंगावरचे रक्त कमी झाले. आम्ही जंताचे औषध देत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "घरी बॅटरीचे काही काम चालते का?" रक्त तपासले, तर शिसे निघाले.

भावाची बायको एवढेच म्हणाली, "दादा, तुम्हाला ठाऊक असेल, असं वाटलं होतं."

ठाऊक होते! शिसे कुजत नाही, जळत नाही, मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे राहते. धुळीतून, हातातून पोटात जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात ते चार-पाच पट अधिक मुरते, मेंदूच्या वाढीला धक्का देते. हाडांत साठते आणि बाई गरोदर राहिली की पोटातल्या बाळापर्यंत पोचते. रक्तात इतके शिसे चालेल, अशी निर्धोक मर्यादाच नाही.

मी ख्रिस्ती आहे. त्या रविवारी उपासनेत मन लागेना. पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठीही. मशागतीची मी पदवी घेतली, राखण मात्र विसरलो. पश्चात्ताप म्हणजे नुसते डोळे पुसणे नव्हे, वाट बदलणे. म्हणून ती जागा कुंपण घालून बंद केली, वर चांगल्या मातीचा जाड थर देऊन गवत लावले. पोरीच्या रक्तातले शिसे उतरत आहे. आत काय राहून गेले, ते काळच सांगेल.

तुमचा धर्म कोणताही असो, एवढे करा. जुनी बॅटरी घरी फोडू नका, फोडू देऊ नका. ती अख्खी दुकानदाराकडे परत द्या. 2022 च्या नियमांतही जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. भडक पिवळी सुटी हळद घेऊ नका, तिच्यात शिशाचा रंग मिसळलेला असू शकतो. हळकुंडेही चकचकीत पिवळी नकोत. खात्रीची आणा नि घरी दळा. कल्हईवाल्याला विचारा, कथील शुद्ध आहे ना? मुलांचे हात जेवणाआधी धुवा. पालेभाजी, नाचणी, दूध पोटात असले की शिसे कमी मुरते.

देवाने जमीन दिली, तशी लेकरेही दिली. राखण दोघांचीही आहे.