सोलिंगेनचा वस्तरा आणि भेगाळलेले हात

जर्मनीच्या पश्चिम भागात, कोलोनहून आगगाडीने वीसेक मिनिटांच्या अंतरावर सोलिंगेन हे शहर आहे. ऱ्हाइनला मिळणारी वुपर नदी येथील गर्द झाडीच्या उतरणींमधून वळणे घेत वाहते. तलवारी, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे घडवणे हा या गावाचा मध्ययुगापासूनचा व्यवसाय. हे नाव पात्यावर कोणी कोरावे याविषयी १९३८ साली तेथे कायदाच करण्यात आला. ज्या वाचकांच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा उघडा वस्तरा जपून ठेवलेला असेल, त्यांनी पात्याच्या मानेवरची बारीक अक्षरे भिंगातून पाहावीत. ‘सोलिंगेन’ हे नाव तेथे आढळल्यास नवल नाही.

माझ्या सासऱ्यांच्या वस्तऱ्यावर ते आहे. त्यांचे वय ७८. साताऱ्यात छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. शाई लागलेला टाइप रॉकेलने धुण्याच्या त्या कामातून दोन्ही हातांना इसब जडला आणि निवृत्तीनंतरही तो पुरता गेला नाही. असे असूनही पन्नास वर्षे ते उघड्या वस्तऱ्यानेच दाढी करत आले आहेत. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही कोलोनला माझ्या मेहुणीकडे गेलो. घरात हीटरची कोरडी हवा होती, बाहेर थंडी होती, आणि लेकीला मदत म्हणून रोजची भांडी घासण्याचे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले होते. आठवडाभरात अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांना खोल भेगा पडल्या. वस्तरा धरवेना. मेहुणीने विजेवर चालणारे यंत्र आणून दिले. ते खोक्यातच राहिले. पांढरे खुंट वाढू लागले, तसे त्यांनी संध्याकाळचे फिरणे बंद केले. “डॉक्टर, या अवतारात कुठे जायचे?” असे ते म्हणाले, तेव्हा हा प्रश्न केवळ त्वचेचा उरलेला नाही हे माझ्या ध्यानात आले. सोलिंगेनला जाण्याची इच्छा मात्र त्यांनी सोडली नव्हती.

सोलिंगेनमध्ये डोक्यावरील तारांतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबस धावतात. मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात अशा बस होत्या. सासऱ्यांनी त्या तरुणपणी पाहिलेल्या, त्यामुळे बसमध्ये चढतानाच त्यांची कळी थोडी खुलली. आम्ही ग्रेफ्राथ या जुन्या वस्तीत उतरलो. भिंतींना काळ्या पाटीच्या दगडाचे आवरण, पांढऱ्या चौकटी आणि हिरवी झडपे, अशी या प्रदेशातील घरांची ओळख. तेथील एका जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचे जर्मन संग्रहालय आहे.

उघड्या वस्तऱ्याची घडण पाहिली की त्याला हात कसा लागतो ते उमजते. पात्याची पाठ जाड असते. दोन्ही बाजू आतून कोरून काढल्याने धारेकडे ते अतिशय पातळ होत जाते. पात्यामागे अरुंद मान आणि तिच्यापुढे वळलेले शेपूट. वस्तरा धरताना तीन बोटे मानेवर, करंगळी शेपटावर आणि अंगठा खालून टेकवलेला असतो. मनगट फारसे वळत नाही. सगळे नियंत्रण अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांत असते, आणि हातांच्या इसबात भेगा नेमक्या तेथेच पडतात. भेगाळलेल्या पेराने धरताना माणूस वेदना चुकवण्यासाठी पकड बदलतो. धोका या बदललेल्या पकडीत असतो.

तेथून आम्ही वुपरच्या काठी बाल्कहाउझर कोटेन येथे गेलो. ‘कोटेन’ म्हणजे पाणचक्कीवर चालणारे धार लावण्याचे शेड. नदीच्या प्रवाहावर चाक फिरते आणि त्याच्या जोरावर आत वालुकाश्माची प्रचंड चाके फिरत असत. सोलिंगेनमध्ये एकच कारागीर वस्तरा पूर्ण करत नसे. घडवणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. अर्धवट माल टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन, बायका एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात पोचवत. सासरे म्हणाले, “आमच्या छापखान्यासारखेच की. जुळारी वेगळा, यंत्रावरचा वेगळा, बांधणीवाला वेगळा.” मग त्या दगडी चाकांकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, “दिवसभर ओल्या दगडाशी काम. यांच्या हातांचे काय होत असेल?”

प्रश्न अचूक होता. धार काढणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ जाऊन सिलिकोसिस होई आणि त्यांच्यापैकी अनेक जण अकाली मरत. हा इतिहास सर्वज्ञात आहे. हातांविषयी कमी बोलले जाते. वारंवार ओले होणे आणि वाळणे, हे हातांच्या इसबाचे एक प्रमुख कारण आहे. पाण्याने त्वचेतील स्निग्ध आवरण निघून जाते, साबण त्यात भर घालतो, आणि उघड्या पडलेल्या त्वचेत क्षोभक पदार्थ सहज शिरतात. न्हावी, परिचारिका, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया आणि हौसेने भांडी घासणारे आजोबा या बाबतीत एकाच रांगेत आहेत.

त्या रात्री आम्ही दाढीचा क्रम नव्याने बसवला. अशी अडचण असलेल्या इतरांनाही तो उपयोगी पडेल.

वस्तऱ्याचा हात दाढीत कोरडा राहू शकतो. भिजतो तो दुसरा हात, त्वचा ताणून धरणारा. म्हणून फेस हाताने न लावता लांब दांड्याच्या ब्रशने लावावा, साबण सुगंधविरहित असावा आणि पाणी कोमट असावे. त्वचा ताणताना बोटांखाली कोरड्या सुती कापडाची घडी धरावी. त्यामुळे बोट निसटत नाही आणि साबणही लागत नाही. बोटे निसटू नयेत म्हणून काही जण तुरटी चोळतात. भेगांवर ती झोंबते, ती टाळावी.

मलम दाढीआधी कधीही लावू नये. तेलकट बोटांतून वस्तरा सटकतो. दाढी झाल्यावर हात टिपून कोरडे करावेत आणि मग मलम लावावे. रात्री पेट्रोलियम जेली जाडसर लावून सुती हातमोजे घालून झोपावे. भेग खोल असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून ती भरेपर्यंत वस्तरा बाजूला ठेवावा.

स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे. त्याआधी हा इसबच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. दोन्ही पाय आणि एकच हात कोरडा, खवल्यांचा झाला असेल तर ते बुरशीचे दुखणे असू शकते. त्यावर स्टेरॉइड लावल्यास लक्षणे झाकली जातात आणि रोग पसरतो. इसब हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. साबणातील सुगंध, रबरी हातमोज्यांतील रसायने, आणि वस्तरा परजण्याच्या चामडी पट्ट्यातील क्रोमियम, यांपैकी एखादी गोष्ट त्यात सापडू शकते. भांडी घासायचीच असतील तर आत सुती आणि वर व्हिनाइलचे मोजे घालावेत.

सासऱ्यांनी सतराव्या दिवशी पुन्हा वस्तरा हाती घेतला. गालांवरून सुरुवात केली. हनुवटी आणि गळा पहिल्या दिवशी तसाच ठेवला. मेहुणी दारापाशी श्वास रोखून उभी होती. संध्याकाळी ते स्वतःहून ऱ्हाइनच्या काठी फिरायला निघाले.

काळजीवाहकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वस्तरा काढून घेण्याची वेळ येते, आणि ती इसबामुळे क्वचितच येते. कंपवात, मधुमेहामुळे बोटांना आलेली बधिरता, अंधूक दृष्टी, चक्कर किंवा विस्मरणाचा आजार असेल तर उघडा वस्तरा वापरू देऊ नये. वॉरफॅरिन किंवा अन्य रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्ताच्या सूक्ष्म थेंबातूनही पसरू शकतात.

यांपैकी काही नसेल तर आधी वृद्धाचे हात उजेडात नीट पाहावेत, बोटे मिटून उघडून घ्यावीत, एखादे नाणे उचलायला सांगावे, आणि मग निर्णय घ्यावा. काढून घ्यावेच लागले तर पर्याय त्यांनाच निवडू द्यावा: विजेचे यंत्र, ओळखीचा न्हावी, की मुलाचा हात. बंद खोक्यातले यंत्र कोणाच्याही कामाचे नसते.

सोलिंगेनला जाण्याचा बेत असल्यास सोमवार टाळावा. संग्रहालय त्या दिवशी बंद असते. ग्रेफ्राथच्या गल्ल्यांतील फरशी खडबडीत आणि चढाची आहे, तेव्हा काठी सोबत घ्यावी. वस्तरा विमानात हातातल्या सामानात चालत नाही, तो मोठ्या बॅगेतच ठेवावा. मलमाची नळी आणि सुती मोजे मात्र हाताशी असू द्यावेत. विमानातील हवा फार कोरडी असते.