आपली आपण तपासणी

शिक्षकाच्या घरीं जन्मलेल्या, शिक्षकाच्याच घरीं दिलेल्या आणि पुढें स्वतः एकतीस वर्षें मुलींच्या हायस्कुलांत शिकविलेल्या बाईला परीक्षा आणि गुण या बाबतींत कांहीं नवें शिकावयाचें उरलें असेल, असें कोणास वाटणार नाहीं. मलाहि वाटत नव्हतें. पण गेल्या वर्षीं माझ्या सोळा वर्षांच्या नातीनें एका कागदाच्या निमित्तानें मला पुन्हां बांकावर बसविलें, त्याची ही हकीकत आहे.

माझी मुलगी व जांवई कॅलिफोर्नियांत असतात. त्यांच्याकडे मी सहा महिने राहिलें. नात तेथल्या सरकारी हायस्कुलांत अकरावींत होती. तिकडे हायस्कूल म्हणजे नववीपासून बारावीपर्यंतचीं चार वर्षें. तिच्या विषयांच्या यादींत गणित, रसायन, इतिहास यांच्या जोडीला ‘लीडरशिप’ असा एक विषय पाहून मला हसूं आलें. पुढारीपण हा काय तासाला बसून शिकण्याचा विषय आहे? आमच्या वेळीं वर्गांत जिचा पहिला नंबर ती मॉनिटर, आणि जिचा आवाज मोठा ती स्नेहसंमेलनाची चिटणीस, इतकें साधें गणित होतें. पण चौकशी केल्यावर समजलें, कीं तेथल्या पुष्कळ शाळांत विद्यार्थिमंडळाचें कामच या तासाला चालतें. मेळावे, निवडणुका, नृत्याचे कार्यक्रम, गरजूंसाठीं अन्न गोळा करण्याची मोहीम, या सर्वांची आंखणी आणि हिशेब मुलेंच करतात. शिक्षिका बाजूला राहून पाहतात. आणि या विषयाचे गुण इतर विषयांप्रमाणेंच प्रगतिपत्रकांत चढतात.

आतां अशा विषयाची परीक्षा घ्यावयाची कशी? पुढारीपणावर तीन तासांची प्रश्नपत्रिका काढली, तर पहिला नंबर पाठांतर करणारीचा येईल, हें मी अनुभवानें सांगूं शकतें. म्हणून तिच्या शिक्षिकाबाईंनीं सत्राच्या शेवटीं प्रत्येकाला आपलें परीक्षण आपणच लिहावयास सांगितलें होतें. कागदावर एक तक्ता होता. दुसऱ्याचें ऐकून घेणें, कामाची वांटणी, वेळ पाळणें, चूक झाल्यावरचें वर्तन, अशीं कलमें; आणि प्रत्येक कलमापुढें चार पायऱ्या, त्या त्या पायरीवरचा माणूस कसा वागतो याच्या वर्णनासह. आपली पायरी कोणती, तिला पुरावा काय, पुढल्या वेळीं निराळें काय कराल, एवढें लिहून शेवटीं आपल्याला किती गुण द्यावे तेंहि सुचवावयाचें होतें. मग शिक्षिकाबाईंबरोबर दहा मिनिटें बोलणें.

एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर नात तो कागद घेऊन माझ्याकडे आली. “आजी, तू हेडमिस्ट्रेस होतीस ना? मग वाचून सांग, बरं झालंय का?”

मीं चष्मा लावला. सर्व कलमांत तिनें स्वतःला चवथ्या पायरीवर बसविलें होतें. आपल्याकडे स्थळ पाहतांना मुलीच्या बापाचें पत्र येतें ना, ‘मुलगी गोरी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष व मनमिळाऊ’, तसा सगळा मजकूर होता. तिनें खोटें असें एकहि अक्षर लिहिलें नव्हतें. अन्नसंकलनाची मोहीम तिनेंच चालविली होती. वर्गावर्गांतून फिरून ती बोलली होती. डब्यांचा ढीग मीं स्वतः पाहिला होता. मीं सहज विचारलें, “इतके डबे मोजले कोणीं?”

ती थबकली. मग हळूहळू बाहेर आलें. नववींतली एक अबोल मुलगी तीन दिवस शाळा सुटल्यावर थांबून डबे मोजीत होती, मुदत संपलेले बाजूला काढीत होती, खोक्यांवर चिठ्ठ्या लावीत होती. मोहीम संपल्यावर सर्व शाळेसमोर आभार मानतांना माझ्या नातीनें सगळ्यांचीं नांवें घेतलीं. त्या मुलीचें तेवढें राहिलें.

“मुद्दाम नाही गं केलं, आजी. विसरले.”

“मग हें या कागदांत कुठें आहे?”

“हें लिहिलं तर गुण जातील ना!”

मी गप्प बसलें. तिचें उत्तर प्रामाणिक होतें, आणि त्यांतच या पद्धतीची सारी अडचण आली होती. ज्याच्या हातीं तराजू आणि ज्याचा माल तो एकच, तेथें दांडी सरळ राहणें अवघड.

घरीं बसल्याबसल्या मीं जांवयांकडून या विषयावरचें थोडें मागवून वाचलें. पॉल ब्लॅक व डिलन विल्यम या दोघां इंग्लंडांतल्या शिक्षणशास्त्रज्ञांनीं 1998 सालीं वर्गांतील मूल्यमापनावरच्या पुष्कळशा संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचें म्हणणें असें, कीं मुलें स्वतःची पारख करतांना बहुधा प्रामाणिक असतात. सैल हात जितक्या वेळां सोडतात तितक्याच वेळां स्वतःवर अधिक कठोरहि होतात. खरी अडचण अप्रामाणिकपणाची नसून निराळीच आहे: आपण कोठें पोंचावयाचें याचें स्पष्ट चित्रच बहुतेक मुलांपुढें नसतें. तें मिळालें म्हणजे त्यांना आपलें मोजमाप घेतां येतें. तक्त्यांतल्या पायऱ्या असतात त्या यासाठीं.

दुसरी बाजूहि आहे. जस्टिन क्रूगर व डेव्हिड डनिंग यांनीं 1999 सालीं अमेरिकेंतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण इत्यादींच्या चाचण्या देऊन आपला क्रम अजमावण्यास सांगितलें. तळच्या चौथाईंतल्यांचा क्रम शंभरांत सरासरीनें खालून बारावा होता. त्यांनीं स्वतःला बासष्टावें मानलें. सर्वांत वरच्यांनीं मात्र आपला क्रम होता त्याहून कमी धरला. या आंकड्यांचा अर्थ काय लावावा याविषयीं पुढें पंडितांत वाद झाले. पण शाळेंत जन्म काढलेल्या कोणालाहि ते वाचून फारसा धक्का बसणार नाहीं.

आपल्याकडे हें सारें परकें आहे असेंहि नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत आरंभीं मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं आणि शेवटीं पढतमूर्खाचीं. तो तक्ताच नव्हे काय? पण आपण तो वाचतों कसा, हें मनाशीं आठवून पाहावें. प्रत्येक लक्षणाला कोणी ना कोणी शेजारी, एखादा भाऊबंद, नपेक्षां व्याही डोळ्यांपुढें उभा राहतो. आपण स्वतः कांहीं केल्या उभे राहत नाहीं.

अमेरिकेच्याच बेंजामिन फ्रँकलिननें आपल्या आत्मचरित्रांत अशाच एका वहीची कथा सांगितली आहे. तेरा सद्गुणांना तेरा पानें, प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने, आणि चूक झाली कीं काळा ठिपका. एका आठवड्याला एक सद्गुण, म्हणजे वर्षांत चार आवर्तनें. मला यांत सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही, कीं त्याची मूळ यादी बाराच गुणांची होती. ‘तुम्हांला लोक गर्विष्ठ समजतात’ असें एका क्वेकर मित्रानें उदाहरणें देऊन सांगितलें, तेव्हां तेरावा गुण नम्रता हा आला. म्हणजे एवढ्या चोख माणसालाहि जो दोष सर्वांत मोठा तोच आपल्या वहींत दिसला नव्हता. तो पाहण्यास दुसऱ्याचा डोळा लागला. आणि पुढें तो कबूल करतो, कीं नम्रता प्रत्यक्ष अंगीं बाणली नाहीं, पण तिचा देखावा मात्र बऱ्यापैकीं साधला.

या शेवटच्या वाक्याशीं मी अडखळलें, आणि तेथून माझें मन कॅलिफोर्निया सोडून सांगलीच्या आमच्या वाड्यांत गेलें.

आम्ही तिघी जावा. मी थोरली. गणपतीच्या दिवशीं चाळीस पानें उठत. कोणाला बोलवावयाचें, पंगती कशा बसवावयाच्या, बाजारहाट, दक्षिणा, सारी व्यवस्था माझ्याकडे. शाळेंतली शिस्त मीं घरांत आणली म्हणून सासूबाईंना माझा अभिमान होता. मोदक मात्र धाकट्या जाऊबाईंचे. पहांटे चार वाजतां उठून ती उकड काढी. तशी पातळ पारी आणि तशा मोजून एकवीस कळ्या मला जन्मांत साधल्या नाहींत. पंगत उठतांना पाहुणे हात धूत म्हणत, “काय मोदक झाले होते, वहिनी!” आणि मी पदर सांवरून म्हणे, “चला, गोड मानून घेतलंत!”

किती सोज्ज्वळ उत्तर! त्यांत बढाई नाहीं, ‘मीं केले’ असें खोटें विधान नाहीं. पण ‘हे हिनें केले’ हेंहि नाहीं. तीस वर्षें दर भाद्रपदांत मीं तें एकच वाक्य म्हटलें, आणि तेवढा वेळ जाऊबाई स्वयंपाकघराच्या दाराआड पानें वाढण्याच्या गडबडींत असे. विनयानेंहि दुसऱ्याचें श्रेय ठेवून घेतां येतें, हें मला त्या परक्या मुलखांत, नातीच्या कागदावरून उमगलें. ‘विसरले’ असें म्हणण्याचीहि मला सोय नव्हती.

हें मीं नातीला सांगितलें. उपदेश केला नाहीं. तेवढा अधिकार त्या रात्रीं मजजवळ नव्हता. ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशीं तिनें त्या नववींतल्या मुलीला गांठलें आणि मग तक्ता पुन्हां लिहिला. सर्व कलमांत स्वतःला खालीं ओढण्याचा आव तिनें आणला नाहीं, याचें मला बरें वाटलें. आपल्या मुलींना ती एक खोड असते. वेळ पाळण्यांत ती चवथ्या पायरीवर होती, तें तसेंच ठेवलें. कामाची वांटणी या कलमांत दोन पायऱ्या उतरली आणि कारण नांवानिशीं लिहिलें. शिक्षिकाबाईंनीं दहा मिनिटांच्या बोलण्यांत गुणांचा विषय शेवटीं काढला. आधीं विचारलें तें एवढेंच, कीं पुढल्या मोहिमेंत तूं आभारांची यादी केव्हां करशील. नात म्हणाली, “पहिल्या दिवसापासून.”

आपल्याकडेहि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रगतिपत्रकांत शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचें स्वतःचें आणि सोबत्यांचें मूल्यमापन असावें असें म्हटलें आहे. हे तीन डोळे एकत्र ठेवले आहेत तें योग्यच झालें. मात्र तो रकाना घरीं आईबापांनीं भरून दिला, किंवा मुलानें खरें लिहिल्याबद्दल त्याचेच गुण कापले, तर दोन वर्षांत मुलें तेथेंहि स्थळाचें पत्र लिहूं लागतील. खरें लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाहीं, एवढी हमी मोठ्यांनीं द्यावयास हवी. आणि अधूनमधून आपलाहि कागद मुलांना दाखवावा.

त्या आठवड्यांत मीं सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. जाऊबाईंनीं आधीं गुडघ्यांची, मग पावसाची चौकशी केली. मीं एका दमांत सर्व सांगून टाकलें. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं येईना.

मग ती म्हणाली, “वहिनी, तुम्हांला ठाऊक होतं होय? मला आपलं वाटायचं, कामाच्या धांदलींत तुमच्या लक्षांतच येत नसेल.”

तीस वर्षें तिनें मला जो संशयाचा फायदा दिला होता, तो मीं माझ्याच तोंडानें घालविला होता. काय बोलावें तें मला सुचेना. तीच पुढें म्हणाली, “बरं, असूं दे. यंदा गणपतीला याल ना? पाहुण्यांना त्या वेळीं सांगा.” आणि थोडें थांबून, “पोरीला किती गुण मिळाले?”

नातीला किती मिळाले तें मीं सांगितलें. मला किती, तें तिनें सांगितलें नाहीं. आणि विचारण्याचा धीर मला झाला नाहीं.