तारेला ओवलेली कुपने

राजापूर रोड स्थानकावर पहाटे उतरलो, तेव्हाच आम्हांस ठाऊक होते की मूळ घरी चहाच्या आधी कौलांचा विषय निघेल. तसेच झाले. "दादा, माजघर यंदा गळणार. तुम्ही बडोदेकर, तुम्हांस काय कमी!" धाकटे चुलतबंधू म्हणाले. परगावी राहणाऱ्याच्या खिशाला तळ नसतो, ही समजूत कोकणात जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर येथील कितीतरी चुली पेटत. १९८२ च्या संपानंतर ती आवक आटली; २०१५ मध्ये टपालखात्याची ती जुनी मनीऑर्डरही गेली. मागणे मात्र राहिले, आता ते भ्रमणध्वनीवरून येते.

नकाराची वाक्ये आम्ही गाडीतच जुळवून ठेवली होती. (मुख्याध्यापकास तेवढे जमते.) पण देवघराशेजारी तारेला ओवलेली मनीऑर्डरींची कुपने दिसली. अक्षर वडिलांचे. "या खेपेस तीसच रुपये पाठवितो. राग नसावा." त्या वर्षी बडोद्यास आमची शाळेची फी थकली होती, हे या घरात कोणास कधी कळले नव्हते.

आम्ही बंधूंस शिडी लावावयास सांगितले. ते वर चढले, आम्ही खालून फुटकी कौले मोजीत गेलो. १४० भरली.