कुलूप लावलेले आहे
मुलुंडच्या घरात आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. लेक लिनक्सच्या कर्नलमध्ये गुंतलेली, प्रबंध पंधरवड्यावर आलेला. परवा तिचा प्रोग्राम थिजला, मारूनही मरेना. सॉकेटला स्वतः कुलूप लावून तिने ‘टीसीपी-सेंडमेसेज’ बोलावले होते. त्याने आत शिरताच तेच कुलूप मागितले. किल्ली आपल्याच मुठीत आणि आपणच दाराशी ताटकळत! कुलपाच्या ओळी गाळून नक्कल करावी, असे तिच्या मनात आले. आम्हांला पाठभेद आठवले: मूळ सुधारते, नक्कल जुन्याच चुका वागवते. अखेर २०१७ साली वेगळे काढलेले आतले अंग तिला सापडले, ‘टीसीपी-सेंडमेसेज-लॉक्ड’. ते कुलूप मागत नाही, लावलेले आहे असे धरून चालते. निरोप सुटला. कोणी लावले हे न सांगणारे ते कर्मणी कृदंत आम्हांला फार आवडले; लेक मात्र तोवर झोपली होती.