चोर्ल्याचा घाट आणि डोळ्यातला बुडबुडा

मार्चअखेर ही आम्हा कारकुनांची चवथ. आरास नसते, पण घरी यायला फुरसतही नसते. 2023 च्या मार्चमध्ये बिलांच्या ढिगाऱ्यात बसलो असता उजव्या डोळ्यासमोर काळ्या माश्या उडू लागल्या. मी चश्मा पुसला. शाळेपासून उणे नऊचा चश्मा नाकावर वागवतोय, तेव्हा दोष पहिला काचेलाच. मग कडेला कोणी फोटो काढावा तसा लख्ख उजेड चमकू लागला. पाच दिवस घरात बोललो नाही. सहाव्या दिवशी नाकाच्या बाजूने काळा पडदा सरकत आला, तेव्हा बायकोने स्कूटरवर मागे बसवून म्हापशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले.

"दृष्टिपटल सुटलंय. उद्याच्या उद्या शस्त्रक्रिया करायला हवी." पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो, तसे. भोक पडते, त्यातून पाणी मागे शिरते आणि पडदा उचलला जातो. पुढचा प्रश्न मात्र अनपेक्षित होता. "घरात कोणाला काचबिंदू आहे?"

होता. आईला. दहा वर्षे ती रोज रात्री देवापुढचा दिवा शांत झाला की डोळ्यात थेंब घालते. तिचे प्रेशर आणि माझे पोपडे यांचा संबंध काय, हे मला त्या दिवशी कळले नव्हते.

शस्त्रक्रिया डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून झाली. मी जागा. तोंडावर हिरवे कापड, दिसत काही नाही, ऐकू सगळे येते. डॉक्टर मध्येच आकडा सांगत आणि यंत्रापाशी बसलेली मुलगी तो परत म्हणे. "तीस." "तीस." मग एकदा जरा घाईने "साठ", आणि थोड्या वेळाने परत "तीस". जन्म आकड्यांत गेला, पण एखाद्या आकड्यासाठी श्वास धरल्याचे आठवत नाही. ते साठ संपेपर्यंत धरला होता.

नंतर डॉक्टरांनी समजावले. डोळा हा पाण्याने ताठ राहिलेला गोळा. आतला दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा. आतला जेलीसारखा काचद्रव, सगळा मिळून जेमतेम चार मिलिलिटर, कापून बाहेर ओढायचा, तर तेवढेच पाणी त्याच क्षणी आत जायला हवे. कमी गेले तर डोळा पिचकतो आणि आतल्या रक्तवाहिन्या फुटू शकतात. जास्त गेले तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठाच दाबला जातो. माझी एक बारीक वाहिनी वाहू लागली होती, तिला दाबून धरायला साठ. पण साठवर फार वेळ राहता येत नाही. रक्त थांबवणारा दाबच मज्जातंतूही मारू शकतो.

पूर्वी हे काम सलाइनच्या बाटलीच्या उंचीवर चाले. एक मिलिमीटर पारा म्हणजे 13.6 मिलिमीटर पाणी; तीसचा दाब हवा तर बाटली डोळ्यापासून सुमारे 41 सेंटिमीटर वर. म्हणजे आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीचेच गणित! आता यंत्र हवेच्या जोराने दाब राखते.

मला मात्र टाकीपेक्षा मानस आठवली. पेडण्यातल्या माझ्या आजोळी, शापोऱ्याच्या काठच्या खाजनात मानशीच्या लाकडी झडपा असत. भरतीच्या पाण्याने त्या आपोआप मिटत, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडत. झडप अडकली की शेत बुडाले. डोळ्यातही पाणी सतत तयार होते आणि बारीक जाळीतून निघून जाते. आईची ती जाळी बुजत चालली आहे, एवढाच काचबिंदूचा अर्थ.

सुटलेला पडदा बसवायचा तर भोक बुजवा, हे लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवले. डोळ्याच्या आत शिरून काचद्रव काढण्याचे धाडस 1970 मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी केले. त्यांच्या हत्यारात कापणे, ओढणे आणि पाणी सोडणे तिन्ही एकत्र होते. आधीचे प्रयोग म्हणे अंड्याच्या पांढऱ्या बलकावर. आमच्याकडे त्याचे ऑम्लेट झाले असते.

काचद्रवाच्या जागी वायू भरला. तो भोकाला आतून टेकू देतो. म्हणून सात दिवस मान खाली. जेवण मान खाली, झोप पालथी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊन आलेल्या शेजारणींच्या पायांवरून मी त्यांना ओळखू लागलो. मनगटावर पट्टी बांधली होती: डोळ्यात वायू आहे, विमान नको, भूल देताना नायट्रस ऑक्साइड नको. डॉक्टरांनी तोंडी पुरवणी जोडली, "आणि घाट नको."

ही पुरवणी महागात पडली. मावसभावाच्या मुलीचे लग्न बेळगावला, मे महिन्याच्या सुरुवातीला. "अरे, साखळीवरून केरी, चोर्ला. तीन तासांत पोचशील. घाटाला कोण घाबरतं?" दादाला सांगून पटेना. म्हापसा समुद्राच्या पातळीवर, तिथे हवेचा दाब सुमारे 760 मिलिमीटर पारा. चोर्ला साधारण 800 मीटर उंच, तिथे दाब 690 च्या आसपास. म्हणजे बुडबुडा दहा टक्के फुगू पाहणार आणि डोळ्याला फुगायला जागा नाही. दादा म्हणाला, "तुमच्या सरकारी खात्यात प्रत्येक गोष्टीला हरकत असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यात तिसऱ्या आठवड्यात प्रेशर 32 निघाले. सूज उतरायला दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींचे चढते, आणि जवळच्या नातलगांना काचबिंदू असेल तर शक्यता जास्त. तो प्रश्न यासाठी होता. तो थेंब बदलला, गोळी सुरू झाली. गोळीने बोटांना मुंग्या यायच्या आणि सोडा लोखंडासारखा लागायचा. शिवाय प्रेशर उतरवायचा एक थेंब दिला. बाटली पाहिली, तर आईचीच.

लग्नाला बायको आणि मुलगा गेले. आई गेली नाही. "मला घाटात उलट्या होतात," म्हणाली. लहानपणी आम्हाला घेऊन बेळगावला जाताना तिने उलटी केल्याचे मला आठवत नाही. रात्री ती आपल्या डोळ्यात थेंब घालायची, मग माझ्या. तिचा हात कापतो, माझी मान वाकडी. निम्मे थेंब गालावर.

बुडबुडा हळूहळू कमी होत गेला. आधी वरून एक रेघ दिसू लागली, मिस्त्रीच्या पाणसळीसारखी हलणारी. रेघ रोज खाली येई. खरे तर बुडबुडा वर असतो, आपल्याला उलटा दिसतो. जूनच्या मध्यावर तो वाटाण्याएवढा झाला, मग फुटून दोन झाले आणि एका सकाळी नव्हतेच.

पडदा टिकला आहे. पण मध्यभागाची नजर पूर्वीसारखी परतली नाही. उजव्या डोळ्याने पाहिले की कॅशबुकाच्या सरळ रेघा थोड्या लाटेसारख्या दिसतात. ते पाच दिवस आधी सांगितले असते तर, हे मी आता मोजत नाही. बायको मोजते.

गेल्या महिन्यात दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. माझे प्रेशर 16, आईचे 17. परतताना तिने विचारले, "तुझं कमी ना?" मी हो म्हटले. मग आम्ही उंडे घेऊन घरी आलो.