रटलंडच्या सरोवरावर

इंग्लंडच्या मध्यभागीं रटलंड नांवाचा एक चिमुकला परगणा आहे. त्या देशाच्या जुन्या परगण्यांत आकारानें हा सर्वांत लहान. 'थोडक्यांत पुष्कळ' अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यानें आपलें ब्रीद म्हणून धारण केलें आहे. सूत्रवाङ्मयाचा संस्कार झालेल्या वाचकास तें ऐकून कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. १९७४ सालीं हा परगणा शेजारच्या लेस्टरशायरांत विलीन करण्यांत आला; परंतु १९९७ सालीं त्यास पुन्हां स्वतंत्र कारभार मिळाला. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लेस्टर शहरीं राहतात. तेथून पूर्वेस सुमारें वीस मैलांवर रटलंडचें विस्तीर्ण सरोवर असल्यामुळें, गेल्या उन्हाळ्यांत तें पाहण्याचा योग आला.

या सरोवराची जन्मकथा आपणांस परकी वाटणार नाहीं. १९७० च्या दशकांत ग्वॉश नदीच्या खोऱ्यांत धरण बांधून तें निर्माण करण्यांत आलें. भोंवतालच्या वाढत्या शहरांस पाणी पुरवावें हा हेतु. वेलंड व नेन या नद्यांचें पाणी पंपांनीं आणून त्यांत सोडतात. पाण्याच्या विस्तारानें, म्हणजे सुमारें ४ चौरस मैलांनीं, इंग्लंडांत याहून मोठा कृत्रिम जलाशय नाहीं. त्यापायीं नेदर हॅम्बल्टन हें खेडें पाण्याखालीं गेलें. कोयनेच्या शिवसागरांत ज्यांचीं घरेंदारें बुडालीं, त्यांस त्या खेड्याचें दुःख निराळें सांगावयास नको. दक्षिण तीरावरील नॉर्मंटन येथील प्रार्थनामंदिर मात्र वांचविण्यांत आलें. त्याच्या आंतील जमीन भराव घालून खिडक्यांच्या खालपर्यंत उचलली व भोंवतीं बांध घातला. आज त्याचा खालचा भाग पाण्याच्या पातळीखालीं आणि वरचा भाग उन्हांत, असें तें उभें आहे.

त्याच तीरावर एडिथ वेस्टन नांवाचें गांव असून तेथें शिडाच्या होड्यांचा एक मोठा क्लब आहे. या क्लबाच्या आश्रयानें 'रटलंड सेलेबिलिटी' ही संस्था चालते. ज्यांस चालतां येत नाहीं, ज्यांचे हात अधू आहेत, ज्यांस दिसत नाहीं किंवा ज्यांची बुद्धि मंद गतीनें चालते, अशा स्त्रीपुरुषांस व मुलांस शिडाची होडी हांकावयास शिकविणें हें तिचें कार्य. कामाचा बहुतेक भार स्वयंसेवकांवर असतो, आणि त्यांत माझ्यासारखे निवृत्त गृहस्थ बरेच दिसले. कोणी होड्या धुवीत होता, कोणी दोर तपाशीत होता, कोणी चहा करीत होता. वेतनाशिवाय केलेल्या कामांतहि एवढी शिस्त असूं शकते, हें पाहून मन प्रसन्न झालें.

पाण्यावर तरंगणाऱ्या धक्क्याशीं एक लहानशी यारी होती. चाकांच्या खुर्चींत बसलेल्या एका मध्यमवयीन बाई तेथें आल्या. दोघां स्वयंसेवकांनीं त्यांच्या अंगाखालीं कापडी झोळी सरकविली, पट्टे तपासले, आणि यारीनें त्यांस हळूच उचलून होडींत उतरविलें. या सर्व क्रियेंत मला एक गोष्ट विशेष वाटली. पट्टा आवळण्यापूर्वीं, उचलण्यापूर्वीं, सोडण्यापूर्वीं, प्रत्येक वेळीं "आतां करूं का?" असें त्या बाईंस विचारलें जात होतें, आणि त्यांचा होकार येईपर्यंत कोणाचा हात हालत नव्हता. रिकामी खुर्ची धक्क्यावर राहिली, व होडी वाऱ्यावर निघाली. पन्नास हातांवर गेल्यावर त्या होडींतील दोघांपैकीं अपंग कोण हें ओळखतां येईना.

ही होडीहि मोठी विचारपूर्वक रचलेली आहे. ऑस्ट्रेलियांतील क्रिस मिचेल या गृहस्थांनीं या जातीच्या होड्यांची रचना केली. पूर्वी त्यांस 'ॲक्सेस' म्हणत, आतां 'हान्सा' म्हणतात. त्यांतील एक प्रकार ३०३ सेंटिमीटर लांबीचा असल्यामुळें त्याचें नांवच '३०३' पडलें. साध्या लहान होडींत वारा वाढला कीं नावाड्यास चपळाईनें या काठावरून त्या काठावर जावें लागतें. अपंगास तें कोठून साधणार? म्हणून येथें बसण्याची जागा अगदीं तळाशीं ठेविली असून होडीखालीं सुमारें ३० किलो वजनाची जड फळी पाण्यांत उतरविलेली असते. त्यामुळें होडी कलली तरी पुन्हां सांवरते, आणि उलटण्याचा संभव फारच थोडा राहतो. शीड डोलकाठीभोंवतीं गुंडाळून वाऱ्याच्या मानानें लहान करतां येतें. सुकाणूंचा दांडा दोन आसनांच्या मध्यें उभा असतो. तो बोटांनीं जरा ढकलला तरी पुरे. ज्यांचीं बोटेंहि चालत नाहींत, त्यांच्यासाठीं विजेच्या साहाय्यानें दोर ओढण्याची सोय करतां येते.

धक्क्यावर उभ्या असलेल्या माझ्याच वयाच्या एका स्वयंसेवकास मीं विचारलें, "नवशिक्याच्या हातीं सुकाणूं देतांना आपणांस भीति वाटत नाहीं काय?" ते हसून म्हणाले, "मदतीची होडी जवळच असते. आमचें कठीण काम निराळेंच आहे. आपले हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावयाचें!" त्यांच्या या उत्तरांत त्या संस्थेचें सारें मर्म मला आढळलें.

थोड्या वेळानें एक अंध तरुण व त्याचा पायांनीं अधू मित्र एका होडींतून निघाले. अंधाच्या हातीं सुकाणूं होतें. वारा कोणत्या गालावर लागतो व शीड कसें फडफडतें यावरून तो दिशा धरी. दुसरा दुरून येणाऱ्या होड्या सांगे. तें पाहून आपल्या शास्त्रांतील अंधपंगुन्यायाची आठवण कोणास होणार नाहीं? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत प्रकृति व पुरुष यांच्या संयोगास हाच दृष्टान्त दिला आहे. परंतु त्या दृष्टान्ताचें जें चित्र आपण नेहमीं रंगवितों, त्यांत पंगु हा अंधाच्या खांद्यावर बसलेला असतो. एक वाहणारा व दुसरा वाहिला जाणारा. येथें कोणी कोणाच्या खांद्यावर नव्हता. दोघे एका पातळीवर, शेजारीं शेजारीं बसले होते, आणि होडी वाहण्याचें काम वारा करीत होता.

हें कौतुक तळ्यापुरतेंच नाहीं. हिलरी लिस्टर या इंग्लिश विदुषीचें शरीर मानेखालीं निकामी झालें होतें. तोंडांत धरलेल्या नळ्यांतून श्वास ओढून व सोडून त्या सुकाणूं आणि शिडें चालवीत. याच रीतीनें २००५ सालीं त्यांनीं इंग्लिश खाडी ओलांडली, २००९ सालीं ब्रिटनभोंवतीं प्रदक्षिणा पुरी केली, आणि २०१४ सालीं ओमान देशाच्या नश्वा अल् किंदी यांच्यासह आपल्या मुंबईहून मस्कतपर्यंत अरबी समुद्र पार केला. २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवांत २००० पासून २०१६ पर्यंत नौकानयनास पदकांचें स्थान होतें. टोकियोच्या महोत्सवापासून तें वगळण्यांत आलें. त्यामुळें अशा गांवोगांवच्या तळ्यांवरील संस्थांचें महत्त्व अधिकच वाढलें आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांतील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष भरली. त्यांतील कोणी ना कोणी आपल्याहि नात्यांत आहे. एकत्र कुटुंबांत अशा माणसाची उपेक्षा सहसा होत नाहीं. त्याचें ताट वेळेवर वाढलें जातें, औषध चुकत नाहीं, काकू-वहिनी हवें नको पाहतात. परंतु "तूं बस, आम्ही करतों" हें प्रेमाचें वाक्य दिवसांतून दहा वेळां ऐकणाऱ्याच्या मनाची स्थिति काय होत असेल, याचा विचार व्हावा तितका होत नाहीं. बाजारांतून काय आणावें, लग्नकार्यास कोणी जावें, आपल्याच भाऊहिश्शाचें काय करावें, यांपैकीं कोणत्या गोष्टींत त्याचें मत घेतलें जातें? २०१६ च्या अपंगहक्क कायद्यानें खेळ व मनोरंजन यांवरील त्यांचा अधिकारहि मान्य केला आहे. पण माजघरांत कायदा पोंचत नाहीं, तेथें वडील माणसांचेंच चालतें.

आपल्या महाराष्ट्रांत जलाशयांची वाण नाहीं. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडें उभारून फिरतात. तशाच एखाद्या पाण्यावर कांहीं निवृत्त मंडळींनीं, जाणत्या नाविकांचें साहाय्य घेऊन, चार होड्या व एक यारी यांवर असें कार्य आरंभिलें, तर तें अशक्य आहे असें मला वाटत नाहीं. तोंपर्यंत प्रत्येकानें आपल्या घरांतील अशा आप्तास निदान एका कामाचें सुकाणूं पूर्णपणें सोंपवावें, मग तो महिन्याचा जमाखर्च असो, मुलांचा अभ्यास असो कीं देवघराची व्यवस्था असो. तें काम थोडें सावकाश होईल, क्वचित् होडी कलेलहि. त्या वेळीं आपण शेजारीं असावें, आणि आपले हात मांडीवर ठेवावे.