अंकोर कोणी बांधले? : एका जुन्या वाक्याची दुरुस्ती

१.
या मालिकेच्या जुन्या वाचकांना दोन वर्षांपूर्वीचा माझा अंकोरवरचा धागा आठवत असेल. माझ्या धाग्यांपैकी सर्वाधिक वाचला गेलेला तोच. त्याचा आरंभ असा होता : ‘जगातील सर्वांत भव्य हिंदू मंदिर भारतात नाही, पण ते बांधले मात्र भारतीयांनी.’ हे वाक्य चुकीचे आहे. गेल्या डिसेंबरात कंबोडियाच्या ग्रामीण भागातून पाच दिवस सायकल चालवून परतल्यावर ते मला वाचवेना. आजचा धागा म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती.

२.
ते वाक्य मी हवेतून आणले नव्हते. १९२६ साली कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या विद्वानांनी आग्नेय आशियातील प्राचीन राज्यांचे वर्णन भारतीय वसाहती असे केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या पिढीला, आपणही कधी समुद्रापार संस्कृती नेली होती, हा विचार आधार देणारा होता. त्या पिढीची गरज मला समजते. पण शंभर वर्षांनंतर मी तेच वाक्य तपासून न पाहता पुन्हा लिहिले, याला तशी कोणतीही सबब नाही.

३.
शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मी या सफरीत नाव नोंदवले. सियाम रीपहून निघालेलो आम्ही आठ जण, मागे सामानाची गाडी, आणि पुढे चाळिशीतला एक ख्मेर वाटाड्या. तेथे वयाने मोठ्या व्यक्तीला ‘बोंग’ म्हणतात. आपल्या दादा-ताईसारखाच हा शब्द. फक्त तो पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच चालतो. पाचही दिवस मी त्याला बोंगच म्हणत होते. तेव्हा येथेही तेच नाव ठेवते.

४.
पहिला मुक्काम रोलुओसचा, शहरापासून पूर्वेला तेरा-चौदा किलोमीटरवर. तेथील लोलेई हे मंदिर राजा यशोवर्मन पहिला याने इ. स. ८९३ मध्ये आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारले. चार विटांचे मनोरे, शेजारी आजचा बौद्ध विहार. एकेकाळी हे मंदिर इंद्रतटाक नावाच्या विशाल जलाशयाच्या मधोमध बेटावर होते. आज त्या जलाशयाच्या तळाशी भात पिकतो. आमच्या सायकली राजाच्या तलावाच्या तळावरूनच मंदिरापर्यंत गेल्या.

५.
लोलेईच्या दगडी द्वारशाखांवर लेख आहेत. अक्षर इतके नेटके की आजही बोटाने ओळ धरता येते. ही लिपी दक्षिण भारतीय लिपीतून विकसित झालेली, म्हणून मला ती ‘आपली’ वाटत असे. ख्मेर शिलालेखांत साधारणपणे कामाची वाटणी ठरलेली असते. देवाची स्तुती, राजाची वंशावळ, त्याचे पराक्रम हे सारे संस्कृत श्लोकांत. जमीन, सीमा, तांदूळ, गुरे आणि मंदिराला दिलेली माणसे हे सारे ख्मेर गद्यात. लोलेईच्या द्वारशाखांवर अशा सेवेकऱ्यांच्या लांबलचक याद्या आहेत. शुक्ल पक्षात कोण राबणार आणि कृष्ण पक्षात कोण, अशा त्यांच्या पाळ्या लावलेल्या आहेत.

६.
ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख घ्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची ती नोंद. तिच्यातली प्रशस्ती संस्कृतात आहे आणि मठाला कोणकोणत्या उत्पन्नाचा वाटा मिळायचा, हा व्यवहाराचा भाग मराठीत. गौरव देवभाषेत आणि हिशेब लोकभाषेत. महाराष्ट्रातले असे लेख वाचताना मी मराठी ओळींवर आधी झडप घालते, कारण माणसे तेथे भेटतात. अंकोरबाबत मात्र मी नेमके उलट केले होते. एम. ए.च्या प्रबंधिकेत एका लेखाबद्दल मी लिहिले होते : ‘उर्वरित भाग ख्मेर भाषेत असून त्यात केवळ सेवकांची यादी आहे.’ त्या वाक्यातला ‘केवळ’ मला लोलेईच्या दारात आठवला.

७.
‘इथे काय लिहिले आहे?’ बोंगने विचारले. जुनी ख्मेर त्यालाही वाचता येत नव्हती. मी सांगितले, ‘माणसांची नावे. पुरुषाच्या नावाआधी बहुधा ‘सि’ येते आणि स्त्रीच्या नावाआधी ‘तै’.’ (आपल्या ताईशी त्याचा काही संबंध नाही.) अशा याद्यांतली काही नावे गोड संस्कृत आहेत. काहींचा अर्थ मात्र ‘कुत्रा’, ‘मांजर’, ‘किळसवाणा’ असा होतो. ती धन्याने तुच्छतेने ठेवली असतील. किंवा आपल्याकडे मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवत, तसे काही असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण ‘दगडू’ हे नाव माहीत असलेल्या वाचकाला त्या यादीपुढे क्षणभर थांबावेच लागते.

८.
मग मी त्याला तो शब्द सांगितला. याद्यांतल्या या माणसांना प्राचीन ख्मेरमध्ये ‘ख्ञुम्’ म्हणत. त्याचे भाषांतर कोणी ‘गुलाम’ करतो, कोणी ‘सेवक’. त्यांतले सगळेच विकत घेतलेले नसावेत. काही ठरावीक काळच मंदिराची सेवा करत असावेत, असेही अभ्यासक म्हणतात. बोंग हसला. ‘ख्न्योम?’ त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. ‘ख्न्योम म्हणजे मी!’

९.
खरेच आहे. आजच्या ख्मेर भाषेत सभ्यपणे ‘मी’ म्हणायचे तर ‘ख्न्योम’ म्हणतात, आणि तो याच जुन्या शब्दाचा वंशज. नम्रतेपोटी स्वतःला सेवक म्हणवून घेणे अनेक भाषांत आढळते. मलय भाषेतला ‘साया’, म्हणजे ‘मी’, हाही संस्कृत ‘सहाय’पासून आला आहे. आपली जुनी पत्रे ‘आज्ञाधारक’ म्हणून संपत. पण पत्राखालची सही आणि सर्वनाम यांत अंतर आहे. बोंग दिवसभर जे जे बोले, ‘मी पाणी आणतो’, ‘मी पुढे जातो’, ‘माझे घर त्या बाजूला’, त्या प्रत्येक वाक्यात आता मला द्वारशाखेवरचा तो शब्द ऐकू येऊ लागला.

१०.
दुसऱ्या दिवशी ता प्रोह्म. झाडांच्या मुळांनी वेढलेले हे मंदिर छायाचित्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अनेक वर्षे केले आहे. सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आपल्या मातेच्या स्मरणार्थ ते अर्पण केले. त्याचा लेख संस्कृतात आहे, तरीही तो आकडे देतो. मंदिरात १२,६४० माणसे, त्यांपैकी ६१५ नर्तकी. मंदिराच्या चरितार्थासाठी बांधलेली ३,१४० गावे आणि त्यांतली ७९,३६५ माणसे. हे एका मंदिराचे मनुष्यबळ. यांना भारतातून जहाजांनी आणले, असे कोण म्हणेल? पुरोहितांची विद्या, महाकाव्ये, लिपी, देवता हे समुद्रावरून आले, यात शंका नाही. पण ते मागवणारे, निवडणारे आणि बदलणारे हात तिथलेच होते. भारतीय सैन्याने हा देश जिंकल्याचा किंवा मोठ्या संख्येने भारतीय तेथे जाऊन वसल्याचा पुरावा नाही.

११.
त्याच दुपारी सपाट रस्त्यावर अचानक मांड्यांना चढ जाणवला. दोन-तीन मीटरच असेल, पण दिवसभरातला पहिलाच. बोंग म्हणाला, ‘हा डोंगर माणसांनी केला आहे.’ तो पूर्व बारायचा बांध होता : नवव्या शतकाच्या अखेरीस मातीचे बांध घालून केलेला, सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद जलाशय. आज तो कोरडा आहे. आत भातखाचरे, ताडाची झाडे, ताडगूळ आटवणाऱ्या कढया आणि खांबांवर उचललेली घरे. मधोमध दहाव्या शतकातले पूर्व मेबोन मंदिर. जिथे होडीने जावे लागे, तिथे आम्ही घामाघूम होऊन पायडल मारत गेलो. बसच्या खिडकीतून तो बांध मला दिसलाही नसता. टोपली टोपली माती वाहून तो कोणी उभारला, हा प्रश्न आधी पायांनी विचारला.

१२.
तिसऱ्या दिवशी अंकोरच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवरील बेंग मीलिया. कोसळलेल्या दगडांचे अरण्यच. वालुकाश्म जवळच्या कुलेन डोंगराच्या पायथ्याचा. चिऱ्यांवरच्या गोल छिद्रांत खुंट्या बसवून ते उचलत असावेत, असे मानले जाते. पण मी थबकले ती दुसऱ्याच दगडापाशी. पायात आणि भिंतींच्या गाभ्यात होता तांबूस, सच्छिद्र जांभा! जमिनीतून काढताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. माझे घर रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. ‘आजोबांनी बांधले’ असे आम्ही म्हणतो. लहानपणी चिरेखाणीवर भर उन्हात चिरे काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. कर्नाटकातून, घाटावरून आलेली. पावसाळ्यापूर्वी परत जाणारी. आजोबांनी एकही चिरा काढला नव्हता. काढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. लोलेईच्या राजाने निदान नावे तरी कोरून ठेवली.

१३.
चौथ्या दिवशी गाडीने पश्चिमेला गेलो आणि बान्तेय मीनचेय प्रांतात पुन्हा सायकलींवर चढलो. समोर पसरलेले पाणी म्हणजे त्रापेआंग थ्मा जलाशय. आता तेथे सारस पक्ष्यांचे राखीव क्षेत्र आहे. जुन्या अंकोरकालीन बांधाच्या जागी १९७६-७७च्या सुमारास ख्मेर रूज राजवटीने सक्तीच्या श्रमांतून हा बांध उभारला. भूक, आजार आणि हत्या यांनी येथे असंख्य माणसे मेली. २०१८ साली आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या खास न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात या बांधावरील अत्याचारांचाही समावेश होता. त्या राजवटीच्या झेंड्यावर अंकोरचे तीन मनोरे होते. अंकोरचा अभिमान त्यांनाही होता.

१४.
बांधावर बोंगने सायकल आडवी ठेवली. त्याची आई येथे माती वाहत होती, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आई सांगते, की त्या काळी ‘ख्न्योम’ म्हटलेले चालत नसे. ‘आम्ही’ म्हणावे लागे. आणि आई, वडील, दादा, बोंग अशी सारी नाती पुसून प्रत्येकाने प्रत्येकाला ‘मित्त’ म्हणायचे. हा शब्द कुठून आला, हे मी त्याला सांगू शकले असते. ‘मित्र’. आपलाच. जुन्या धाग्यात मी ख्मेरमधल्या संस्कृत शब्दांची यादी दिली होती आणि प्रत्येक शब्दापुढे एक झेंडा चिकटवला होता. ‘मित्त’ त्या यादीत होता. मी काही बोलले नाही. बोंगने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, ‘ख्न्योम पुढे जातो, तू सावकाश ये.’

१५.
वाचकहो, भारत आणि कंबोडिया यांचा संबंध खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही. तो फार खोल आहे, म्हणूनच त्याला मालकीच्या भाषेची गरज नाही. अंकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सूर्यवर्मन दुसरा याच्या काळात उभे राहिले. विष्णूसाठी, ख्मेर राजाच्या आज्ञेने, आणि ख्मेर भाषेत ज्यांना ‘ख्ञुम्’ म्हणत त्यांच्यासारख्या हजारो हातांनी. यात ‘भारतीयांनी’ लिहिले की ते हात पुसले जातात. नुसते ‘सूर्यवर्मनने’ लिहिले, तरीही पुसले जातात.

१६.
जुने वाक्य मी काढून टाकलेले नाही. चूक कशी दिसत होती, हेही शिल्लक राहावे. त्याच्या खाली हा धागा जोडला आहे. प्रबंधिकेतला ‘केवळ’ मात्र खोडला. आणि या मे महिन्यात गावी गेले, तेव्हा आईला विचारले, की आपल्या घराचे चिरे कोणी काढले होते. तिला आठवेना. वाडीतल्या एका वृद्ध काकांना एक आडनाव पुसटसे आठवते आहे. मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे.